मातीचा अहवाल आणि खताचा हिशेब

माती परीक्षणाच्या अहवालात ‘उपलब्ध नत्र १८२ किलो प्रति हेक्टर’ अशी नोंद असते. याचा अर्थ त्या शेतात १८२ किलो नत्र साठवून ठेवले आहे आणि पीक ते सगळे उचलणार आहे, असा होत नाही. त्याच जमिनीच्या वरच्या थरात एकूण नत्र यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. मात्र त्यातले बहुतेक सेंद्रिय पदार्थात बांधलेले असते आणि सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतील तसे थोडे थोडे मोकळे होते. प्रयोगशाळा मातीचा नमुना ठरावीक रसायनाच्या सान्निध्यात ठरावीक काळ ठेवते आणि त्यातून जेवढे अन्नद्रव्य बाहेर येते तेवढे मोजते. अहवालातला आकडा हा त्या पद्धतीने मिळालेला निर्देशांक आहे.

या निर्देशांकाला अर्थ येतो तो शेतावरच्या प्रयोगांमुळे. वेगवेगळ्या जमिनींत एकच पीक घेऊन, खताच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन उत्पादन किती वाढते हे पाहिले जाते. आकडा कमी असलेल्या जमिनीत खताला पीक हमखास प्रतिसाद देते, मध्यम असेल तेथे प्रतिसाद घटतो आणि जास्त असेल तेथे खत टाकूनही उत्पादनात फारसा फरक पडत नाही. ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ हे वर्ग या निरीक्षणांवरून पाडलेले आहेत. म्हणून अहवाल वाचताना आकडा, तो काढण्याची पद्धत, एकक, वर्ग आणि पुढचे पीक ही पाच अंगे एकत्र पाहावी लागतात. यातले एक जरी सुटले तरी खताचा हिशेब चुकतो.

नमुना: अहवालाची पहिली पायरी

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २२.४ लाख किलो माती असते. प्रयोगशाळेत जाते ती अर्धा किलो, आणि प्रत्यक्ष तपासणीला लागते ती काही ग्रॅम. त्यामुळे नमुना चुकीचा घेतला तर उत्तमातली उत्तम प्रयोगशाळाही तो दुरुस्त करू शकत नाही.

शेतात रंग, उतार, खोली, निचरा किंवा आधीचे पीक वेगळे असेल तर तेवढ्या भागांचे नमुने स्वतंत्र घ्यावेत. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून त्याच्या बाजूची सारख्या जाडीची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यावी. ज्वारी, गहू, सोयाबीन, हरभरा यांच्यासाठी खोली २० ते २२ सेंटिमीटर पुरते. ऊस आणि कापसासाठी ती ३० सेंटिमीटर घ्यावी. फळबागेसाठी थराथराने खोल जावे लागते आणि प्रत्येक थराचा नमुना वेगळा ठेवावा लागतो. गोळा झालेली माती स्वच्छ गोणपाटावर पसरून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन काढून टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहावे. माती सावलीत वाळवावी.

बांधाकडेची, झाडाखालची, विहिरीजवळची, उकिरड्याच्या जागची आणि नुकतेच खत टाकलेली माती नमुन्यात येऊ देऊ नये. खताची रिकामी पिशवी नमुन्यासाठी वापरली तर स्फुरद किंवा पालाश खोटेच वाढलेले दिसते. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा घमेले टाळावे आणि प्लॅस्टिकचे घ्यावे.

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथून सुरू झाली. तिच्या मूळ आराखड्यात बागायती भागात २.५ हेक्टर आणि कोरडवाहू भागात १० हेक्टर क्षेत्राच्या चौकोनातून एक नमुना घेण्याची पद्धत होती. अशा चौकोनात अनेक खातेदारांची शेते येतात. त्यामुळे पत्रिकेवरचे आकडे परिसराची दिशा सांगतात. एका विशिष्ट तुकड्याचे नियोजन करायचे तर त्या तुकड्याचाच नमुना तपासून घेणे श्रेयस्कर.

आधी सामू, क्षारता, चुनखडी आणि कर्ब

पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. नजर सहसा थेट नत्र-स्फुरद-पालाशाकडे जाते. वाचन मात्र पहिल्या तिघांपासून सुरू करावे, कारण बाकीचे आकडे पिकाच्या किती उपयोगी पडणार हे तेच ठरवतात.

सामू ६.५ ते ७.५ असेल तर बहुतेक अन्नद्रव्ये पिकाला सहज मिळतात. दख्खनच्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ या दरम्यान असतो. तेथे स्फुरद चुन्याशी बांधले जाते आणि जस्त व लोह अविद्राव्य होतात. कोकणातल्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत. तेथे स्फुरद अडकते ते लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांत. दोन्हीकडे स्फुरदाची उपलब्धता घटते, पण कारण वेगळे आणि उपायही वेगळा.

सामू ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण असण्याची शक्यता तपासावी. विनिमययुक्त सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही आणि वाफसा लवकर येत नाही. अशा जमिनीत खताची मात्रा वाढवून उपयोग नसतो. प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घ्यावी, जिप्सम घालावे आणि निचऱ्याची सोय करावी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हे याचे मोठे उदाहरण आहे.

विद्युत वाहकता विद्राव्य क्षारांचे प्रमाण सांगते. माती आणि पाणी यांच्या मिश्रणात मोजलेली वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर चिंता नाही. १ ते २ दरम्यान नाजूक पिकांच्या उगवणीला धोका असतो आणि त्यापुढे नुकसान वाढत जाते. संपृक्त अर्कात मोजलेल्या वाहकतेच्या मर्यादा वेगळ्या असल्याने पद्धत कोणती होती ते पाहावे. जमीन केवळ खारवट असेल, तिच्यात सोडियमचा दोष नसेल, तर जिप्समची गरज नाही. तिला चर काढून निचरा आणि चांगल्या पाण्याने क्षारांची धुलाई हवी.

मुक्त चुनखडी १२ घटकांत नसली तरी महाराष्ट्रात ती वेगळी तपासून घेण्यासारखी आहे. प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेले की भुईमूग, सोयाबीन, ऊस अशा पिकांची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नसल्याचे हे लक्षण आहे.

सेंद्रिय कर्बाचे महाराष्ट्रातले वर्ग ०.२० च्या टप्प्यांनी जातात: ०.२० टक्क्यांपर्यंत अत्यंत कमी, ०.४० पर्यंत कमी, ०.६० पर्यंत मध्यम, ०.८० पर्यंत थोडे जास्त, १.०० पर्यंत जास्त आणि त्यापुढे अत्यंत जास्त. कर्ब हा नत्राच्या पुरवठ्याचाही अंदाज देतो. म्हणून कर्ब कमी आणि नत्रही कमी असे दिसले तरी नत्राची मात्रा दोनदा वाढवायची नसते. दोन्ही नोंदी एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतात.

नत्र, स्फुरद, पालाश: सहा वर्ग आणि दोन एकके

नत्रासाठी अल्कधर्मी परमँगनेट पद्धत वापरली जाते. ती सुब्बय्या आणि असिजा यांनी १९५६ मध्ये मांडली. अल्कधर्मी जमिनींत स्फुरद ओल्सनच्या बायकार्बोनेट पद्धतीने काढतात आणि आम्लधर्मी जमिनींत ब्रेच्या पद्धतीने. पालाशासाठी अमोनियम ॲसिटेट वापरतात. जांभ्या जमिनीचा ब्रे पद्धतीचा आकडा ओल्सनच्या तक्त्यात बसवला तर निष्कर्ष चुकतो.

देशपातळीवर तीन वर्ग प्रचलित आहेत. महाराष्ट्रात सहा वर्ग वापरले जातात: अत्यंत कमी, कमी, मध्यम, थोडे जास्त, जास्त आणि अत्यंत जास्त. हेक्टरी किलोमध्ये नत्राच्या सीमा १४०, २८०, ४२०, ५६० आणि ७०० अशा आहेत. स्फुरदाच्या ७, १४, २१, २८ आणि ३५. पालाशाच्या १००, १५०, २००, २५० आणि ३००.

स्फुरद आणि पालाशाच्या या सीमा मूलद्रव्याच्या रूपात आहेत. खताच्या पोत्यावर मात्र स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात छापतात आणि काही अहवालही तेच रूप वापरतात. त्या रूपात स्फुरदाच्या सीमा सुमारे १५, ३०, ५०, ६५ आणि ८० होतात, पालाशाच्या १२०, १८०, २४०, ३०० आणि ३६०. मूलद्रव्य स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशाला १.२ ने गुणले की ऑक्साइड मिळते. एका शेताचे स्फुरद मूलद्रव्य रूपात १२ किलो असेल तर ते ‘कमी’ वर्गात येते. तेच ऑक्साइड रूपात २७.५ किलो होते. हा २७.५ चा आकडा मूलद्रव्याच्या तक्त्यात पाहिला तर जमीन एकदम ‘थोडे जास्त’ वर्गात जाते आणि स्फुरद वाढवायच्या जागी कमी केले जाते. अहवालात एकक स्पष्ट नसेल तर प्रयोगशाळेला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. आकडे पीपीएममध्ये असतील तर १५ सेंटिमीटर थरासाठी २.२४ ने गुणून हेक्टरी किलो मिळतात.

वर्ग ठरला की पिकाची शिफारस केलेली मात्रा त्याप्रमाणे बदलायची. अत्यंत कमी असेल तर शिफारशीपेक्षा ५० टक्के जास्त, कमी असेल तर २५ टक्के जास्त, मध्यम असेल तर शिफारशीएवढी. थोडे जास्त असेल तर १० टक्के कमी, जास्त असेल तर २५ टक्के कमी आणि अत्यंत जास्त असेल तर निम्मी.

सीमेजवळच्या आकड्यांबाबत तारतम्य हवे. स्फुरद १३.९ असले तर मात्रा २५ टक्के वाढते आणि १४.१ असले तर वाढत नाही. एवढा फरक नमुना घेण्यातूनही पडू शकतो. अशा वेळी आधीचा अहवाल, शेणखताचा वापर आणि मागच्या पिकाची वाढ पाहून मधली मात्रा धरणे शहाणपणाचे.

कडधान्यांना हे गणित सरसकट लागू करू नये. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलोच्या आसपास नत्र सुरुवातीच्या वाढीपुरते दिले जाते. पुढची गरज मुळांवरच्या गाठी भागवतात. जमिनीत नत्र कमी आहे म्हणून भरमसाट युरिया टाकला तर गाठी कमी येतात. तेथे बियाण्याला रायझोबियम चोळणे हाच खरा उपाय.

गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये

येथे सहा वर्गांऐवजी एक सीमारेषा पाहतात. पीपीएममध्ये ती गंधकासाठी १०, जस्तासाठी ०.६, लोहासाठी ४.५, मंगलासाठी २.०, तांब्यासाठी ०.२ आणि बोरॉनसाठी ०.५ अशी साधारणपणे धरली जाते. आकडा सीमेच्या खाली असेल तर ते अन्नद्रव्य द्यावे; वर असेल तर देऊ नये. बोरॉनच्या बाबतीत कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे असल्याने अंदाजाने ते टाकणे धोक्याचे आहे. सर्व सूक्ष्म अन्नद्रव्ये असलेले मिश्रण दरवर्षी टाकण्यापेक्षा जे कमी आहे तेच दिलेले परवडते.

एक अहवाल, एक पीक

मध्यम काळ्या बागायती जमिनीचा एक नमुनेदार अहवाल घेऊ. सामू ८.१, वाहकता ०.३५, कर्ब ०.३८ टक्के, चुनखडी ९ टक्के. नत्र १८२, स्फुरद १२ आणि पालाश ४२० किलो प्रति हेक्टर, सर्व मूलद्रव्य रूपात. गंधक ८, जस्त ०.४५, लोह ३.८ पीपीएम, बाकीचे सीमेच्या वर. पीक वेळेवर पेरलेला बागायती गहू. त्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश.

नत्र ‘कमी’ म्हणून १२० चे १५० होतात. स्फुरदही ‘कमी’, म्हणून ६० चे ७५. पालाश ‘अत्यंत जास्त’, म्हणून ४० चे २०. एकराच्या हिशेबात, म्हणजे अडीचने भागून, ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि ८ किलो पालाश लागते.

आता खत निवडायचे. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते, पण गंधक नसतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्केच असले तरी सुमारे ११ टक्के गंधक मिळतो. या जमिनीत गंधक कमी आहे, म्हणून येथे सुपर फॉस्फेटची निवड योग्य. ३० किलो स्फुरदासाठी १८७.५ किलो, म्हणजे ५० किलोची पावणेचार पोती लागतात आणि त्याबरोबर सुमारे २० किलो गंधक येतो. वेगळा गंधक विकत घ्यावा लागत नाही. ६० किलो नत्रासाठी ४६ टक्क्यांचा युरिया १३० किलो, म्हणजे ४५ किलोच्या तीन गोण्यांना थोडा कमी. ८ किलो पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश १३ किलो.

सुपर फॉस्फेट, पोटॅश आणि निम्मा युरिया पेरणीबरोबर, बियाण्याच्या खाली आणि थोडा बाजूला पडेल असा द्यावा. उरलेला ६५ किलो युरिया २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी द्यावा आणि तो वर उघडा न ठेवता पाण्याबरोबर मातीत जाऊ द्यावा. अल्कधर्मी जमिनीवर युरिया उघडा राहिला तर नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते.

जस्तासाठी हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट आणि लोहासाठी २५ किलो फेरस सल्फेट, म्हणजे एकरी अनुक्रमे ८ आणि १० किलो. चुनखडीच्या जमिनीत ते थेट टाकले तर लवकरच अविद्राव्य होते. म्हणून दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस मुरवून मग द्यावे. झिंक सल्फेट आणि स्फुरदयुक्त खत एकत्र कालवू नये. दोघांचा संयोग होऊन जस्त आणि स्फुरद दोन्ही अडकतात.

अनेक शिफारशींत रासायनिक खताबरोबर ठरावीक शेणखत गृहीत धरलेले असते. ते दिले म्हणून वरच्या आकड्यातून पुन्हा वजावट करायची नाही. शिफारशीपेक्षा जास्त शेणखत दिले तरच अधिकच्या भागाची वजावट करावी. चांगल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते आणि पहिल्या हंगामात त्यातला काही भागच पिकाला मिळतो.

उत्पादनाचे उद्दिष्ट धरून हिशेब

वर्गांच्या पद्धतीत नत्र १५० असो की २७५, दोन्ही ‘कमी’च आणि मात्रा एकच. ३० क्विंटल गव्हालाही तीच आणि ५० क्विंटललाही तीच. ही उणीव भरून काढण्यासाठी बी. राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये भारतीय परिस्थितीत उद्दिष्टाधारित पद्धत विकसित केली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प त्यावर उभा राहिला आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्याचे केंद्र आहे.

या पद्धतीला तीन गोष्टी लागतात: एक क्विंटल उत्पादनासाठी पीक किती अन्नद्रव्य उचलते, जमिनीतल्या उपलब्ध आकड्यापैकी किती टक्के पिकाला मिळते आणि दिलेल्या खतापैकी किती टक्के. रीत समजण्यापुरते हे आकडे अनुक्रमे ३ किलो, ३० टक्के आणि ५० टक्के धरू. ४० क्विंटल गव्हाला १२० किलो नत्र हवे. १८२ चे ३० टक्के म्हणजे सुमारे ५५ किलो जमीन देईल. उरलेले ६५ किलो खतातून हवे आणि खताचा निम्माच भाग लागू पडत असल्याने सुमारे १३० किलो नत्र द्यावे लागेल. उद्दिष्ट ५० क्विंटल केले तर हीच गरज सुमारे १९० किलो होते, ३० क्विंटलला सुमारे ७० किलो पुरते. प्रत्यक्षात प्रत्येक पिकाची आणि जमीन प्रकाराची समीकरणे कृषी विद्यापीठांनी प्रयोगांवरून काढलेली आहेत आणि तीच वापरावीत. उद्दिष्ट मात्र त्या परिसरात चांगल्या व्यवस्थापनाने खरोखर मिळालेल्या उत्पादनाच्या आवाक्यातले असावे. पाणी नसलेल्या शेताला मोठे उद्दिष्ट धरले तर खत वाया जाते.

अहवालाची मर्यादा आणि पुढचा अहवाल

नत्राची चाचणी सर्वांत कमी भरवशाची आहे, कारण नत्र पाऊस, ओल आणि तापमानाप्रमाणे सतत बदलते. म्हणून त्याची मात्रा विभागून देणे आणि पिकाचा रंग पाहून दुसरा हप्ता ठरवणे आवश्यक आहे. स्फुरद आणि पालाश हळू बदलतात. त्यांच्यावर दोन-तीन वर्षे विसंबता येते. काळ्या जमिनीत पालाश ‘अत्यंत जास्त’ दिसत असले तरी ऊस आणि केळी ते मोठ्या प्रमाणावर उचलतात. अशा शेतांत दरवर्षी निम्मी मात्रा देत असताना आकडा घसरत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

जमीन घट्ट झाली आहे, मुळे खोल जात नाहीत, पाणी साचते किंवा पाणीच खारे आहे, या गोष्टी नत्र-स्फुरद-पालाशाच्या आकड्यांत उमटत नाहीत. खत पुरेसे देऊनही पीक सुधारत नसेल तर खालच्या थराची माती आणि विहिरीचे पाणी तपासावे. फळबागेत पानांचे पृथक्करण जोडीला घ्यावे.

नमुना त्याच जागी, त्याच खोलीवर, वर्षाच्या त्याच काळात आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत दिला तरच दोन अहवालांची तुलना करता येते. त्यासाठी पीक निघाल्यानंतर आणि मशागतीपूर्वी उन्हाळ्यात नमुना घेणे सोयीचे. प्रत्येक अहवालाशेजारी त्या हंगामात प्रत्यक्ष टाकलेली खते आणि मिळालेले उत्पादन लिहून ठेवावे. स्फुरद ‘कमी’तून ‘मध्यम’मध्ये आले तर वाढवलेली मात्रा शिफारशीवर आणावी, ‘जास्त’मध्ये गेले तर कमी करावी. कर्ब वाढत नसेल तर शेणखत, हिरवळीचे खत आणि पाचट कुजवणे यांचा विचार करावा. अशा नोंदी दोन-तीन फेऱ्या ठेवल्या की कोणते खत वाढवायचे आणि कोणते थांबवायचे हे त्या शेताच्याच आकड्यांवरून ठरवता येते.